व्हीए लोन: अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्यांनी घरकर्ज कसे घ्यावे

अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेल्यांना मिळणाऱ्या 'व्हीए लोन'विषयीचा गैरसमज त्याच्या नावापासूनच सुरू होतो. व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचा कारभार पाहणारे तेथील केंद्र सरकारचे खाते, सहसा स्वतः कर्ज देत नाही. पैसे देते ती खासगी बँक, क्रेडिट युनियन (सभासदांची पतसंस्था) किंवा मॉर्गेज (घरतारण) कंपनी, आणि सरकार त्यातील काही भागाची, बहुधा एक चतुर्थांश रकमेची, हमी घेते. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जून १९४४ मध्ये सही केलेल्या 'जीआय बिल'मधून ही सोय आली. सरकारच जामीन राहत असल्यामुळे डाउन पेमेंटशिवाय, म्हणजे स्वतःची आगाऊ रक्कम न भरता, कर्ज मिळू शकते आणि मॉर्गेज इन्शुरन्सचा (कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाई देणाऱ्या विम्याचा) मासिक बोजाही पडत नाही. व्याजदर मात्र बँक ठरवते. त्यामुळे निदान तीन ठिकाणांहून एकाच आठवड्यात 'लोन एस्टिमेट', म्हणजे व्याज आणि खर्चाची अंदाजपत्रके, मागवून ती शेजारी ठेवून वाचावीत.

पहिला कागद म्हणजे पात्रतेचा दाखला, ज्याला सगळे 'सीओई' म्हणतात. २ ऑगस्ट १९९० नंतर सेवेत असलेल्यांना साधारणपणे सलग २४ महिन्यांची, किंवा ज्या मुदतीसाठी बोलावले गेले ती पूर्ण (निदान ९० दिवसांची) सेवा लागते. सध्या सेवेत असलेल्यांना सलग ९० दिवस पुरतात, आणि नॅशनल गार्ड वा रिझर्व्ह या राखीव दलांमध्ये ६ वर्षांची ग्राह्य सेवा झाली असल्यासही पात्रता मिळू शकते. सेवामुक्त झालेल्यांनी डीडी-२१४ या सेवामुक्तीच्या कागदाची 'मेंबर-४' प्रत शोधून ठेवावी, कारण छोट्या प्रतीवर सेवामुक्ती कोणत्या शेऱ्याने झाली हे छापलेले नसते आणि नेमके तेच पाहायचे असते. पुष्कळदा बँकच संगणकावरून काही मिनिटांत हा दाखला काढून देते. त्यावर ३६,००० डॉलर असा आकडा दिसला की मंडळी हबकतात. तो कर्जाचा कमाल आकडा नव्हे, तर हमीच्या मूळ हिश्शाचा जुना आकडा आहे. १ जानेवारी २०२० पासून, ज्यांचा हमीचा हक्क पूर्ण शिल्लक आहे त्यांच्या कर्जाला व्हीएने वरची मर्यादा ठेवलेली नाही.

या कर्जातील मोठा एकरकमी खर्च म्हणजे व्हीएला भरायची 'फंडिंग फी'. पहिल्यांदा कर्ज घेताना डाउन पेमेंट न दिल्यास ती कर्जाच्या २.१५ टक्के आणि पुन्हा घेताना ३.३ टक्के असते. ४,००,००० डॉलरच्या घरावर पहिल्या वेळी ८,६०० डॉलर, तर दुसऱ्या वेळी १३,२०० डॉलर. ती कर्जात मिळवता येते. पण मग पुढे अनेक वर्षे तिच्यावरही व्याज भरावे लागते. त्याच घरासाठी ५ टक्के, म्हणजे २०,००० डॉलर आधी भरले, तर फी १.५ टक्क्यावर येऊन ५,७०० डॉलर होते. सेवेतून उद्भवलेल्या अपंगत्वासाठी व्हीएची भरपाई मिळत असेल, तर ही फी पूर्णपणे माफ असते. भरपाईचा अर्ज अजून निकाली निघाला नसेल, तर ते बँकेला पहिल्याच भेटीत सांगावे. पुढे भरपाई कर्जाच्या व्यवहाराआधीच्या तारखेपासून मंजूर झाल्यास भरलेली फी परत मागता येते, आणि हे आपणहून सांगणारा माणूस क्वचितच भेटतो.

उत्पन्नाची तपासणी येथे जरा निराळी असते, आणि माझ्या मते ती इतर कर्जांपेक्षा शहाणपणाची आहे. एकूण कर्जफेड उत्पन्नाच्या ४१ टक्क्यांच्या आत असावी हा संकेत आहेच. पण त्याहून महत्त्वाची ठरते ती हातात उरणारी शिल्लक, 'रेसिड्युअल इन्कम'. कर, घराचा हप्ता, इतर हप्ते आणि घराच्या प्रत्येक चौरस फुटामागे देखभाल व वीजपाण्यासाठी १४ सेंट वजा करून महिन्याला किती उरते ते पाहतात. २,००० चौरस फुटांच्या घराला हीच वजावट २८० डॉलर होते. ८०,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कर्जासाठी चौघांच्या कुटुंबाकडे पश्चिमेकडील राज्यांत निदान १,११७, तर दक्षिणेत १,००३ डॉलर उरायला हवेत. ४१ टक्क्यांची रेषा ओलांडली असेल, तर यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त. मुलांच्या पाळणाघराचा खर्चही यात धरला जातो. आजी मुलांना सांभाळत असेल, तर तसे लिहून द्यायला सांगतात. कॅलिफोर्निया, टेक्सस किंवा वॉशिंग्टन राज्यात पतिपत्नींपैकी एकाचेच नाव कर्जावर असले, तरी दुसऱ्याची देणी हिशेबात येतात. आईवडिलांनी पुण्याहून पाठवलेली रक्कम खात्यात जमा असेल, तर ती भेट आहे, परतफेडीची नाही, असे त्यांच्या सहीचे पत्र आधीच मागवून ठेवावे.

घर स्वतः राहण्यासाठीच असावे लागते, साधारणपणे ६० दिवसांत तेथे राहायला जावे लागते, आणि ते अमेरिकेत किंवा तिच्या अखत्यारीतील प्रदेशात असावे लागते. कोथरूडचा फ्लॅट या कर्जातून घेता येत नाही. चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत घेऊन एका भागात स्वतः राहिलेले मात्र चालते. किंमत ठरवायला मूल्यमापक व्हीएच्या यादीतून नेमला जातो, आणि तो छत, पाणी, वीज, घर गरम ठेवण्याची सोय यांच्याकडेही पाहतो. तरी ही घराची कसून केलेली तपासणी नव्हे, तिच्यासाठी वेगळा 'इन्स्पेक्टर' स्वतःच्या खर्चाने आणावा. करारात व्हीएचे 'एस्केप क्लॉज' हे कलम आहे ना, हे सही करण्यापूर्वी पाहावे: मूल्यमापनात किंमत कमी निघाली, तर त्याच्या आधारे इसाऱ्याची रक्कम न गमावता माघार घेता येते.

पहिले घर न विकता दुसरे घ्यायचे असल्यास हिशेब बदलतो. पहिल्या ३,००,००० डॉलरच्या कर्जात ७५,००० डॉलरची हमी अडकलेली असेल आणि काउंटीची (जिल्ह्यासारख्या विभागाची) कर्जमर्यादा, जी हमीचा काही हक्क असा अडकलेला असतानाच लागते, २०२५ मध्ये बहुतेक ठिकाणी होती त्याप्रमाणे, ८,०६,५०० डॉलर धरली, तर तिच्या चतुर्थांशातून, म्हणजे २,०१,६२५ मधून, ७५,००० वजा जाऊन १,२६,६२५ उरतात. त्याच्या चौपट, ५,०६,५०० डॉलरपर्यंत डाउन पेमेंट मागितले जात नाही. घर विकताना खरेदीदाराने तुमचेच कर्ज पुढे चालवायचे ठरवले, तर तो स्वतः पात्र असून आपला हक्क तुमच्या जागी लावत नसेल, तोवर तुमची हमी त्या घरातच अडकून राहते. अशा वेळी जबाबदारीतून मुक्त केल्याचे पत्र लेखी घ्यावे.

कर्ज झाल्यावर काही महिन्यांतच सरकारी दिसणारी, व्याज कमी करून देऊ म्हणणारी पाकिटे येऊ लागतात. ती बहुधा खासगी कंपन्यांची असतात. व्याज कमी करण्याची खरी सोय आहे, तिची फी ०.५ टक्के आहे आणि सहसा नवे मूल्यमापनही लागत नाही. पण निदान ६ हप्ते भरून आणि पहिल्या हप्त्याच्या तारखेपासून २१० दिवस उलटल्याशिवाय ती मिळत नाही, आणि तिचा खर्च हप्त्यातील बचतीतून ३६ महिन्यांत भरून निघावा लागतो. पाकीट उघडल्यावर आधी हा भागाकार करावा.