केल लावायचंय? मग पहिले पंधरा दिवस ट्रेवरून नजर हलवू नका

केल म्हणजे गड्डा न धरणारा कोबी. नवलकोल, फ्लॉवर, ब्रोकोली ही सगळी त्याचीच भावंडं, आणि काश्मीरमध्ये घरोघरी शिजणारा हाकही त्याच कुळातला. त्यामुळे ‘परदेशी भाजी, फार जपावं लागतं’ हे आधी डोक्यातून काढा. कोबीचं रोप ज्याला जमतं त्याला केलही जमतं. अडतं ते रोपापाशीच.

पाकिटावर ‘वसंतात पेरा’ असं छापलेलं असेल तर ते थंड देशांसाठी आहे. आपल्याकडे वसंतात पेरलं तर कोवळं रोप थेट एप्रिलच्या उन्हात सापडतं. मी पुण्यात गच्चीवर लावतो आणि गणपती गेल्याशिवाय पाकीट उघडत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत कधीही पेरा. दुसरी खेप नोव्हेंबरात.

प्रोट्रेमध्ये (रोपं वाढवायचा खणाखणांचा ट्रे) धुऊन पिळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि गांडूळखत भरा, एका खणात दोनच बिया, अर्धा सेंटिमीटर खोल. चार-पाच दिवसांत उगवतात. इथपर्यंत कुणाचंच काही चुकत नाही.

चुकतं ते यानंतर. माझे पहिले तीन हंगाम इथेच वाया गेले. संध्याकाळी टुमटुमीत उभी असलेली रोपं सकाळी आडवी. हात लावून पाहिलं तर देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक, पाणचट, तपकिरी. शेतकरी याला ‘रोपं कोलमडणं’ म्हणतात. कारण मातीतली बुरशी. तिला लागतं साचलेलं पाणी, दाट पेरणी आणि कोंदट हवा, आणि या तिन्ही गोष्टी मी हौसेने पुरवत होतो. कुणीतरी सांगितलं म्हणून ट्रेवर प्लॅस्टिक झाकत होतो, सकाळ-संध्याकाळ फवारा मारत होतो. पडलेल्या रोपांवर हळद टाकून पाहिली, दालचिनीची पूडही. पडलेलं रोप उठत नाही. ते उपटून टाका आणि शेजारच्या खणांचं पाणी तोडा.

आता मी असं करतो. कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे उघड्यावर, सकाळचं ऊन आणि वारा लागेल अशा जागी. वरून पाणी बंद. परातीत बोटभर पाणी घेऊन ट्रे दहा मिनिटं त्यात ठेवायचा, मग उचलून निथळायचा. पुढचं पाणी कधी? शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, वाफसा बघ, म्हणजे माती ओलसर आहे पण चिखल नाही ना ते बघ. चिमूटभर कोकोपीट बोटांत दाबा: पाणी सुटलं तर आज काही देऊ नका, भुरभुरीत लागलं तर द्या. ‘रोज एक कप’ असले हिशेब निरर्थक आहेत, ढगाळ दिवशी तोच कप रोपं मारतो. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचं असेल तर पेरण्याआधी मिश्रणात घाला. रोप पडल्यावर आठवण झाली तर उपयोग शून्य.

आणि रोप खिडकीच्या आत ठेवू नका. आपल्याला जो ‘भरपूर उजेड’ वाटतो तो रोपाला अंधार असतो. ते उजेडाकडे मान ताणत लांबुडकं होतं आणि मग वाऱ्याच्या झुळकीनेही झोपतं. लांबलेलंच असेल तर फेकू नका, लावताना बीजदलांपर्यंत (उगवताना येणारी पहिली दोन पानं) मातीत गाडा. केल हे सहन करतो.

दर खणात एकच जोमदार रोप ठेवा, दुसरं कात्रीने कापा. उपटलं तर राहणाऱ्याची मुळं हलतात. बीजदलांनंतरची चार-पाच खरी पानं आली की बारा इंची कुंडीत एक रोप, संध्याकाळी लावायचं.

पुढे सोपं आहे. महिन्यातून एकदा मूठभर शेणखत. पानं खालून तोडा, शेंड्याची पाच-सहा राखा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी भाजी चालू राहते. पानांवर पांढुरकी फुलपाखरं घिरट्या घालू लागली की मागची बाजू तपासा आणि अंडी बोटाने चिरडा. फेब्रुवारीत मावा येतो: पाण्याचा जोरदार झोत, मग निंबोळी अर्क. शेजारच्या कुंडीत मोहरी पेरली तर बरीच कीड तिकडे वळते.

मार्चपासून पानं जाड आणि कडवट होतात. हिरव्या जाळीखाली झाड तग धरतं, पण त्या पानांचं थालीपीठच करावं, कच्ची खाऊ नयेत. बी धरायची आशा मात्र सोडा. फुलावर यायला केलला कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते, आणि पुण्यातल्या चार गार रात्रींनी त्याचं भागत नाही. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार वर्षं उगवतं.