चेहरा नव्हे, काम पाहून निवड करण्यासाठी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील, धातूचे ओतीव भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या एखाद्या फाउंड्रीला गुणवत्ता निरीक्षक नेमायचा असेल, तर जाहिरात देण्याआधीच त्या कामाला काय लागते ते लिहून काढावे: ड्रॉइंग वाचणे, मायक्रोमीटरने अचूक माप घेणे आणि सदोष कास्टिंग नाकारण्याचे धैर्य. उंची, रंग किंवा ‘स्मार्ट दिसणे’ यांना त्यात जागा नाही. अशी यादी हाताशी नसेल, तर उमेदवार दारातून आत येताच मत बनते आणि पुढचे प्रश्न केवळ त्या मताला आधार शोधत राहतात. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवले होते, की लष्करी अधिकारी ज्याची शरीरयष्टी चांगली मानत, त्याला बुद्धी आणि नेतृत्वाचेही गुण अधिक देत.

म्हणून आधी हाताचे काम पाहावे. सर्वांना सारखेच कास्टिंग मोजायला द्यावे आणि उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घालावा.

मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. ‘लग्न कधी?’, ‘मुलाला कोण सांभाळणार?’ हे प्रश्न मुलांना कोणी विचारत नाही, तेव्हा मुलींनाही विचारू नयेत. दुसरी पाळी आवश्यक असेल, तर वेळ सांगून ती जमेल का, एवढेच प्रत्येकाला विचारावे. वेतन संहिता, २०१९ भरतीतील लिंगभेदालाही मनाई करते. आपल्याकडे रोखठोक बोलण्याचे कौतुक आहे, पण तेच बोलणे मुलीच्या तोंडी आले की तिला ‘आगाऊ’ ठरवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पॅनेलवर एक स्त्री बसवली की प्रश्न मिटला, असे समजू नये. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात १२७ विज्ञान प्राध्यापकांना एकच अर्ज, कधी पुरुषाच्या तर कधी स्त्रीच्या नावाने दिला गेला; स्त्रीचे नाव असताना प्राध्यापिकांनीही तिला कमी सक्षम मानले आणि कमी पगार सुचवला.

प्रत्येक उत्तरानंतर प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे गुण लिहावेत आणि चर्चा त्यानंतरच करावी. चर्चेत कोणी ‘ही इथे टिकणार नाही’ म्हणाले, तर कोणत्या उत्तरावरून ते विचारावे, आणि उत्तर दाखवता आले नाही, तर तो शेरा निर्णयात धरू नये.