लंडन सिस्टिम: रविवारच्या रॅपिडपुरती

आठवडाभर लोकलचे धक्के खाऊन रविवारी दादरला रॅपिड, म्हणजे कमी वेळाचं बुद्धिबळ, खेळणाऱ्याने पहिल्या चालीत ई४ च्या (राजासमोरचं प्यादं दोन घरं; अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा) वाटेला जाऊ नये. समोरचा सिसिलियन काढेल, फ्रेंच काढेल, कारो-कान काढेल; काळ्याचे हे सगळे वेगवेगळे बचाव. किती पाठ करणार? पांढरी आली की लंडन ही सुरुवातीची ठरलेली मांडणी लावावी. नाव १९२२ च्या लंडन स्पर्धेवरून पडलं. क्लबात काहीजण नाकं मुरडतात, पण २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहावा डाव चीनच्या डिंग लिरेनने हीच मांडणी करून जिंकला.

आधी डी४, म्हणजे वजिरासमोरचं प्यादं दोन घरं. मग उंट एफ४ वर, आणि त्यानंतरच ई३. क्रम चुकला तर उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडतो. पुढे सी३, घोडे एफ३ आणि डी२ वर, दुसरा उंट डी३ वर. काळ्याने जी६ करून उंट जी७ ला बसवला असेल तर डी३ ऐवजी ई२ बरा. अशा वेळी एच३ही करून ठेवा; काळा घोडा एच५ वर आला तर उंटाला एच२ वर सरकायला जागा राहते.

आता खरी डोकेदुखी. काळा सी५ खेळतो आणि वजीर बी६ वर आणतो. बी२ चं प्यादं उघडं पडतं, कारण त्याचा राखणदार उंट आपणच बाहेर काढलेला. मी एकदा इकडे लक्षच दिलं नाही. चौथी-पाचवीतल्या पोराने ते प्यादं उचललं आणि वर पाण्याची बाटली उघडून शांतपणे प्यायला लागला. उत्तर सोपं आहे: आपला वजीर बी३ वर. त्याने सी४ ढकललं तर वजीर सी२ वर. त्यावर उंट एफ५ ला आला तर मोह आवरा, तो खाऊ नका, बी२ पडतं. वजीर सी१ वर न्या.

काळ्याचा उंट डी६ वर भिडला तर आपला जी३ वर घ्या. त्याने मारलंच तर एचच्या प्याद्याने मारा, हत्तीला रांग मोकळी मिळते. म्हणून किल्लेकोटाची (राजा-हत्तीच्या एकत्र चालीची) घाई नको.

मग घोडा ई५ वर. काळ्याने तो मारला की डीच्या प्याद्याने परत मारायचं. एफ६ चा घोडा उठतो, आणि एच७ चा मुख्य राखणदार तोच असतो. डी३ चा उंट तिकडेच बघत बसलाय. दुसरा घोडा डी२ वरून एफ३ ला आणा, तिथून जी५ एका उडीवर.