नजर कमी झाली तरी काम चालू ठेवायचं असेल तर काय काय करायचं

साठीनंतर नजर गेली की घरचे पहिलं काय म्हणतात, तर आता बास करा, आराम करा. मला मॅक्युलाचा त्रास निघाला तेव्हा मीही हेच ऐकलं. त्यात मी हिशेबाचं काम करणारा, आकडेच दिसेनात म्हटल्यावर संपलंच की! पण संपलं नाही, आजही रोज चार तास बसतो. काय काय केलं ते क्रमाने सांगतो. क्रम पाळा बरं का, कारण बरेच जण आधी मोठं भिंग आणायला धावतात आणि ते भिंग मग खणात पडून राहतं.

पहिलं काम म्हणजे नक्की काय झालंय ते कळून घ्या, "वयाचं आहे" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन करून लेन्स बसवतात, बाकी डोळा ठीक असेल तर परत छान दिसतं. काचबिंदूत सहसा कडेचं आधी जातं, गेलेलं परत येत नाही पण औषधाने उरलेलं बऱ्याच अंशी राखता येतं. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, तो बिघडला की समोरच्याचे कान दिसतात आणि चेहऱ्याच्या जागी डाग. यात सुका आणि ओला असे दोन प्रकार, ओल्याला डोळ्यात इंजेक्शन देतात आणि तिथे उशीर महागात पडतो. म्हणून रोज एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघायची, सरळ रेघ अचानक वाकडी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि उपचार झाले तरी नजर कमीच राहिली तर लो व्हिजन तपासणी, म्हणजे उरलेली नजर किती आणि ती कशी वापरायची ते बघणारी तपासणी, कुठे होते ते त्यांनाच विचारा.

दुसरं, उजेड. साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश असतो, तेव्हा छताच्या ट्यूबवर भागत नाही. मान वळणारा टेबल लॅम्प घ्या आणि कागदाजवळ आणा, छोटा दिवा निम्म्या अंतरावर आणला की उजेड जवळपास चौपट होतो, जास्त वॉटचा बल्ब लागतच नाही. लिहिता हात उजवा असेल तर दिवा डावीकडे, म्हणजे सावली पडत नाही, आणि बल्ब थेट डोळ्यात दिसता कामा नये. खिडकीकडे तोंड करून बसू नका.

तिसरं कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि कागद यांच्या रंगातला ठळक फरक, आणि हे तर जवळजवळ फुकटात होतं. पेन्सिल, निळं बॉलपेन बाजूला, जाड काळा मार्कर हातात. काळ्या पुठ्ठ्यात एक ओळ दिसेल एवढी आडवी फट कापा, ती कागदावर ठेवून खाली खाली सरकवायची, बाकी पानाची पांढरी चमक झाकली जाते आणि ओळ हरवत नाही. माझा पुठ्ठा जुन्या फाइलच्या कव्हरचा आहे, कडा पार झिजल्यात, पण अजून तोच वापरतो.

आता मुख्य गोष्ट. मधलं दिसत नसेल तर सरळ बघायचा हट्ट सोडायचा. घड्याळाची तबकडी समोर आहे असं समजा, मधोमध एक शब्द ठेवा आणि नजर १२ वर न्या, मग ३ वर, ६ वर, ९ वर. कुठल्यातरी एका ठिकाणी मधला शब्द जरा उजळ दिसतो, ती तुमची जागा. रोज दहा-पंधरा मिनिटं तिथूनच वाचायचं, सुरुवातीला डोकं दुखतं, वैताग येतो, मी पहिल्या आठवड्यात दोनदा पेपर भिरकावून दिला! पण काही आठवड्यांनी डोळा आपणहून तिथे जायला लागला. समोरच्याला मात्र वाटतं तुम्ही त्याच्या डोक्यावरून बघताय, तेव्हा आधीच सांगून टाका.

भिंग आत्ता घ्या, तेही तपासून. मोठं भिंग म्हणजे जास्त पॉवर असं नसतं, उलट पॉवर वाढली की भिंग लहान होत जातं आणि ते डोळ्याजवळ धरून कागद पुढे आणायचा असतो.

कॉम्प्युटरवर विंडोज असेल तर विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबा, स्क्रीन मोठी होते. काळ्यावर पांढरी अक्षरं करून बघा, मला तरी चमक त्याने कमी लागते. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर वाचून दाखवतात, कॉम्प्युटरला असंच वाचून दाखवणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर फुकट मिळतं. थोडं दिसतंय तोवरच हे शिकून घ्या, नंतर दुप्पट त्रास होतो.

कामाच्या ठिकाणी लपवू नका. मी लपवलं आणि एका बिलात ३ चा ८ वाचला, पैसे जादा गेले, परत मागताना जी शरम वाटली ती सांगण्याआधीच्या भीतीपेक्षा मोठी होती. आता रकमा कॉम्प्युटरकडून मोठ्याने वाचून घेतो आणि मगच पाठवतो. डोळ्यांचं काम सकाळी, फोनचं काम दुपारी. गाडी चालवायची का हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा, स्वतःच्या मनाने नाही.

आणि एक, कधी नसलेली माणसं, फुलं, जाळ्या दिसल्या तर घाबरू नका. नजर कमी झालेल्यांना हे होतं, शार्ल बॉने नावाच्या माणसाने १७६० मध्येच आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलंय. वेड लागल्याचं लक्षण नाही, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. मला हिशेबाच्या पानावर निळसर जाळी दिसते, डोळे दोन-चारदा डावी-उजवीकडे फिरवले की ती जाते, मग पुठ्ठा एक ओळ खाली सरकवतो.