किड्याचं घराणं कसं ओळखावं? आधी पाय मोजा

मृगाचा पाऊस पडून गेला की बांधावर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. आपण त्यांना मृगाचा किडा म्हणतो. पण तो खरंच कीटक आहे का? ते नावावरून नाही, अंगाच्या बांधणीवरून ठरतं. त्यासाठी काचेची बरणी आणि एक भिंग एवढं पुरे.

किडा हलकेच बरणीत घ्या. तो काचेवर चढू लागला की पोटाकडून पाय मोजा. वरून मोजलं तर हमखास चुकतं. सहा पाय म्हणजे कीटक. आठ म्हणजे कोळी, विंचू, गोचीड यांचं घराणं. मृगाच्या किड्याला आठ भरतात! म्हणजे तो मुंगीचा नव्हे, गोचिडीचा भाऊबंद. मेख एवढीच, की गोचीड आणि मृगाचा किडा यांच्या अगदी लहान पिल्लांना सहाच पाय असतात.

म्हणून लगेच मिशा बघा. कीटकाच्या डोक्यावर मिशांची एक जोडी असते, कोळ्याच्या घराण्यात मिशाच नसतात. कोळ्याच्या तोंडापुढे दोन आखूड दांडे दिसतात, ते पायांत धरू नका. विंचवाच्या पुढच्या चिमट्यासारख्या नांग्याही पायांत मोजायच्या नाहीत. सुरुवातीला गोंधळ होणारच. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली प्राण्यांची मांडणी केली, तेव्हा कोळी, विंचू, अगदी खेकडेसुद्धा बिनपंखी कीटकांतच घातले होते.

अळी मात्र भल्याभल्यांना चकवते. तिचे पुढचे सहा पाय बारीक आणि सांध्यांचे, ते खरे. मागचे मांसल गुबगुबीत खुंट नुसते पकडीपुरते. तेव्हा अळी कीटकच.

पाय मोजता येणार नाहीत इतके असतील तर अंगाच्या मधल्या भागातलं एकच वळं निवडा. वळ्याला पायांची एक जोडी असेल तर गोम, दोन जोड्या दिसल्या तर पैसा, म्हणजे काही ठिकाणचा वाणी. गोमेला हात लावू नका, ती विषारी चावा घेते.

कुंडीखाली अंगाची गोळी करणारा राखाडी किडा सापडला तर थोडं थांबा, तो उलगडू द्या. पायांच्या सातच जोड्या निघाल्या तर तो खेकड्याच्या गोतातला. सह्याद्रीतल्या रानात मात्र अशीच गोळी होणारा मोठा पैसाही भेटतो. त्याचे पाय मोजायला घेतलेत की फरक लगेच कळतो.