तोंड आलंय? ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देताना होणाऱ्या चुका

“दादा, तोंड आलंय. बी कॉम्प्लेक्सची एक स्ट्रिप द्या.” सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ माझं मेडिकलचं दुकान आहे आणि हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. पाठोपाठ दुसरंही येतंच, “उष्णता झालीय.”

पहिली चूक इथेच होते. उष्णता म्हटलं की कारण सापडल्यासारखं वाटतं आणि शोध थांबतो. गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला येणारा छोटा फोड मध्ये पिवळट-पांढरा आणि कडेने लाल असतो. तो भयंकर झोंबतो, पण एका-दोन आठवड्यांत आपोआप भरतो आणि एकाचा दुसऱ्याला होत नाही. जेवताना गाल चावला गेला, ब्रश लागला, परीक्षेचा ताण आला, जागरणं झाली, की तो येतो. मात्र दर महिन्याला तोंड येत असेल तर लोह, बी १२ किंवा फॉलिक ॲसिड कमी आहे का हे रक्त तपासून बघायला हवं. नुसत्या स्ट्रिपा घेत राहिलात तर कमी नेमकं काय आहे ते कळतच नाही. बी कॉम्प्लेक्समध्ये लोह नसतं, हे तर कित्येकांना ठाऊकच नसतं. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांनी आणि मांस-मासे-अंडी न खाणाऱ्यांनी ही तपासणी टाळू नये.

फोड नेहमी एकाच जागी येत असेल तर आरशात त्याच्यासमोरचा दात बघा. दाताचं टोक तुटलेलं असतं, नाहीतर कवळी सैल झालेली असते. दातांच्या डॉक्टरांकडून ते टोक गुळगुळीत करून किंवा कवळी नीट बसवून घेतल्याशिवाय कुठलंही जेल पुरणार नाही.

फोडावर तुरटी चोळू नका, चुना लावू नका, दुखण्याची गोळी गालात धरून ठेवू नका. या तिन्हींनी कातडी भाजते आणि फोडाशेजारी दुसरी जखम तयार होते. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा खळखळून चूळ भरा. चार दिवस मिसळ आणि भडंग बाजूला ठेवा. भडंग तिखट तर असतंच, शिवाय कुरकुरीत असल्यामुळे फोड खरवडतं. ताक-भात खा, भाकरी दुधात कुस्करून खा. बधिर करणारं जेल जेवणाच्या थोडा वेळ आधी लावा. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा मलम दिला असेल तर तो रात्री झोपताना लावायचा. आधी कापसाने फोड टिपून कोरडा करा, मग मुगाच्या दाण्याएवढा मलम अलगद टेकवा. चोळायचं नाही, वर पाणी प्यायचं नाही. हाच मलम शेजारणीला देऊ नका. तिच्या तोंडात पुसल्यावर निघणारा दह्यासारखा पांढरा थर असेल तर ती बुरशी असते आणि या मलमाने ती वाढते. मधुमेह असलेल्यांना आणि दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांना ही बुरशी होते.

ओठाच्या बाहेरच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा घोस आला तर गोष्ट वेगळी. तो विषाणूचा आजार आहे, लागट आहे. तो सुकेपर्यंत बाळाचा पापा घेऊ नका.

बाळाचं तोंड आलं की आजी टाकणखार आणि मध लावायला सांगते. मायेने सांगते, पण टाकणखार पोटात जाणं बाळाला घातक आहे आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो. बाळ दूध ओढत नसेल तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असताना एकदम खूप फोड आले तर आधी पाकीट काढून बघा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली असेल तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा, मग रात्र झालेली असो.

आता जी चूक माझ्या हातून झाली ती सांगतो. यार्डातले एक हमाल तीन महिने माझ्याकडून स्ट्रिपा आणि जेल नेत होते. तंबाखूची चिमूट कायम डाव्या गालात. एके दिवशी म्हणाले, “दुखत न्हाई, पर तिखट लागलं की झोंबतंय.” तेव्हा कुठे मी त्यांना उजेडात उभं करून तोंड उघडायला सांगितलं. चिमूट धरायच्या जागीच चट्टा होता आणि त्याची कड गोधडीच्या शिवणीसारखी वर आलेली होती. मिरजेला पाठवलं, तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. पहिल्याच महिन्यात मी तोंड बघायला हवं होतं.

म्हणून आता मी स्ट्रिपच्या पाकिटावर पेनाने तारीख लिहून देतो. फोड कधी आला ती एक, आणि त्यापुढे दोन आठवड्यांची दुसरी. दुसऱ्या तारखेला फोड तसाच असेल तर माझ्याकडे यायचं नाही, दातांच्या डॉक्टरांकडे जायचं. सांगलीचं सिव्हिल आहे, मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. दुखत नाही म्हणून थांबू नका, कारण न दुखणारा, कडक कडेचा फोडच जास्त काळजीचा असतो. पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, जीभ बधिर होणं, यांसाठी तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

तंबाखू, मावा, सुपारी खाणाऱ्यांनी आणि मिश्री लावणाऱ्यांनी आणखी एक करावं. मिश्रीही तंबाखूच आहे, आणि तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून उभी करा आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर गाल आतून आखडू लागला आहे. तिखट लागताच तोंडाची आग होणं हे त्याच्याही आधीचं लक्षण असतं, आणि त्यालाच आपल्याकडे उष्णता म्हणतात.