खाली गिअर टाकताना होणारी करकर

दहा गिअरचा ट्रक, चढावर आठवरून सातवर आलो की हमखास करकर. दांडा असा झटका द्यायचा की मनगट दुखायचं. गिअरबॉक्स बिनसिंक्रोचा, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवून न देणारा, म्हणून डबल क्लच (एका बदलात दोनदा क्लच दाबणं) मारतच होतो. चूक निघाली पायात! क्लच मी पार तळापर्यंत दाबत होतो. तिथे क्लच ब्रेक असतो, तो इनपुट शाफ्टच, म्हणजे इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये येणारा फिरता रॉडच, थांबवतो; मग वेग जुळत नाहीत नि करकर होते. त्याचा उपयोग गाडी उभी असताना पहिला किंवा रिव्हर्स टाकायला, चालत्या गाडीत नाही.

आता पेडल दोन-तीन इंचच दाबतो. न्यूट्रल, क्लच सोडला, रेस देऊन आरपीएम 300-400 ने वर, परत थोडा क्लच. दांडा दोन बोटांनी आत जातो. जुनी सवय मोडायला मात्र आठवडा गेला.